कलेजीची अख्खी काडी

शोभनाताई दिघे ठाण्याहून जर्मनीला लेकाकडे आल्या, त्याला अडीच महिने होत आले होते. तेवढ्या काळात त्यांनी एकही गोष्ट मागितली नव्हती. किल्ले नको म्हणाल्या. आल्प्स गाडीच्या काचेतून बघून ‘छान आहेत, पण वारा फार’ असा निकाल दिला. आणि परतीच्या विमानाला आठ दिवस उरले असताना, चहा गाळता गाळता जाहीर केलं, “मला त्या जपान्याकडे जायचंय. काडीवरची कलेजी खायला.”

सुमितच्या हातातला टोस्ट तसाच राहिला. “आई, चिकन मी आणतोच की घरी!”

“तू आणतोस तो कापूस. ना हाड, ना कातडं, ना चव. त्या कोंबडीला कलेजी होती की नव्हती, देव जाणे.”

जपान्याची खबर नातीकडून आली होती. नऊ वर्षांच्या अन्वीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. अगदीच महत्त्वाचं असलं तर मराठीत. हे महत्त्वाचं होतं. मैत्रिणीच्या वाढदिवसाला ती म्युनिकमधल्या एका जपानी हॉटेलात जाऊन आली होती. तिथे कोंबडीचे तुकडे बांबूच्या काडीला टोचून निखाऱ्यावर भाजतात, कलेजीसुद्धा. आणि आजी, ज्याची काडी त्याची!

हे शेवटचं वाक्य शोभनाताईंच्या मनात रुतून बसलं. कारण आतली गोष्ट अशी की, चाळीस वर्षं दर रविवारी कोंबडी रांधलेल्या या बाईनं कलेजी कधी धड खाल्लीच नव्हती. एका कोंबडीला कलेजी ती केवढी! पहिला वाटा सासऱ्यांचा, दुसरा ह्यांचा. सासरे गेल्यावर तो वाटा सुमितकडे आला. बायकांच्या पानात मान, पंख आणि रस्सा. शोभनाताईंना मिळायचा तो पळीला चिकटलेला चुरा. तोही मीठ बघायच्या निमित्तानं, भिंतीकडे तोंड करून.

शुक्रवारी सून कौमुदी धरून चौघं एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलनं, निघाली. घराजवळच्या उंटरश्लाइसहाइम स्टेशनात गाडी पंचवीस मिनिटं उशिरा आली, तेव्हा सुमित म्हणाला, “पाऊस पण भरून आलाय. उद्या जाऊ या का?”

“उद्या शनिवार. मी खात नाही,” शोभनाताई म्हणाल्या आणि बाकावर पर्स मांडीत घेऊन अशा बसल्या, की रेल्वेनंच शरमून गाडी पाठवावी.

हॉटेल म्हणजे एक लांब लाकडी ओटा आणि दहा खुर्च्या. ओट्यापलीकडे डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला जपानी आचारी हातपंख्यानं निखारे फुलवत होता. शोभनाताईंना माणूस पटला. शेगडीसमोर उभा राहून घाम गाळतो आणि बडबड करत नाही, हे दोन्ही गुण त्यांनी एका पुरुषात पहिल्यांदाच बघितले.

सुमितनं घरच्या पद्धतीनं ऑर्डर दिली, सगळ्यातलं एकेक. मांडीच्या मांसाची काडी आली, पंखांची आली. त्यानं लगेच काट्यानं तुकडे ओरबाडून एका बशीत काढले. “घ्या, सगळ्यांना चव!”

आचाऱ्याचा पंखा थांबला. नव्या कोऱ्या गाडीचे भाग कुणी सुटे करताना बघावं तसा त्याचा चेहरा झाला. तो अन्वीला जर्मनमध्ये काहीतरी म्हणाला. ती बापाकडे वळली, “काढल्यावर गार होतं म्हणे. काडीवरूनच खायचं. मी सांगितलं होतं, पापा!”

“बरं, बरं. आता एक कलेजी सांगू,” सुमित म्हणाला. “आई, तू एक तुकडा चाखून बघ.”

“तुकडा नको. मला अख्खी काडी.”

“अख्खी? पण तू कुठे कलेजी खातेस?”

कौमुदी मान खाली घालून हसू दाबत होती. शोभनाताईंनी ते बघितलं, पण आत्ता सुनेकडे लक्ष द्यायला सवड नव्हती. “अन्वी, विचार गं त्याला. दोन काड्या.”

अन्वीनं विचारलं. आचाऱ्यानं एक बोट वर केलं.

“एकच उरलीय, आजी.”

सुमितनं उदारपणे सुचवलं, “मग अर्धी अर्धी करू. तीन तुकडे मला, एक तुला.”

“हे अर्धं कुठल्या शाळेत शिकलास?” शोभनाताईंनी आचाऱ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे. त्यानं मान लववली आणि मिठाचं भांडं आणि सॉसची बरणी पुढे धरली. शोभनाताईंनी मिठावर बोट ठेवलं.

काडी आली. चार तुकडे, वरून खरपूस, कडांना तेल उकळतंय. सुमितचा काटा सवयीनं पुढे सरकला. शोभनाताईंनी बशी उचलून पलीकडे ठेवली आणि पहिला तुकडा दातांनी ओढला. भिंतीकडे तोंड न करता, सगळ्यांदेखत. मग दुसरा.

“आई, कशी आहे?” कौमुदीनं विचारलं. “मीही कधी खाल्ली नाही हो. माहेरी ती बाबांची आणि दादाची.”

“आत जरा मऊ ठेवलीय. पण ठेवू दे, त्याला कळतंय.”

आणि तिसऱ्या तुकड्याला घात झाला. चाळीस वर्षांची सवय. हात आपोआप वळला आणि काडी सुमितच्या तोंडासमोर गेली. सुमितनंही, पंचवीस माणसांच्या टीमचा तो साहेब, आ वासला. अगदी पाच वर्षांचा असताना वासायचा तसा.

शोभनाताईंनी ते उघडं तोंड बघितलं. काडी बघितली. मग ती आलेल्या वाटेनं परत फिरली, आणि तिसरा तुकडा जिथे जायचा तिथेच गेला.

“मिट तोंड,” त्या चावता चावता म्हणाल्या. “लोक बघतायत.”

अन्वी खुर्चीवरून पडेपर्यंत हसली. कौमुदी आशेनं चौथ्या तुकड्याकडे बघत होती. शोभनाताईंनी तोही खाल्ला.

“तुला हवी तर पुढच्या शुक्रवारी लवकर ये,” त्यांनी सुनेला सांगितलं. “आणि अख्खी माग.”

रिकामी काडी त्यांनी ओट्यावरच्या बांबूच्या पेल्यात टाकली. आचाऱ्यानं पुन्हा मान लववली. या वेळी शोभनाताईंनीही लववली.