पन्नासची पाटी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या दिवशी माझ्या मुलीचं डोकं दोन दांड्यांच्या आत होतं. मी ते स्वच्छ पाहिलं, आणि पन्नासची पाटी वर केली.

दोन हजार दहाचं दशक नुकतं लागलं होतं. मी जर्मनीत आउग्सबुर्गला इंजिनियर, आणि मुलीला कयाक स्लालमचं वेड. खळाळत्या कालव्यावर दांड्यांची फाटकं टांगलेली असतात, त्यांतून होडी काढत झटपट खाली पोचायचं. दांडीला धक्का लागला तर दोन सेकंदांचा दंड. डोकं फाटकातून गेलंच नाही, तर पन्नास. पन्नास म्हणजे खेळ खलास. फाटकांवर पंच म्हणून आम्ही पालकच बसायचो. प्रत्येक फेराइनने, म्हणजे क्लबाने, आपापले पालक द्यायचे, अशी तिथली पद्धत.

त्या रविवारच्या शर्यतीवरून राज्याच्या संघात कोण जाणार ते ठरणार होतं. फ्रान्सहूनही काही मुली पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्यांतली एक, ठिगळ लावलेल्या जाकिटातली, आमच्या मुलीच्याच वयाची, पुढे जगज्जेती झाली. तिची फेरी आधी झाली आणि ती पहिली होती. मग आमची आली.

शेजारच्या खुर्चीत क्लबातले एक म्हातारे गृहस्थ होते. म्हणाले, "तुझी मुलगी येतेय. हिला मी बघतो, तू कॉफी घे."

सगळे बाप तसंच करायचे. मी म्हटलं, "गरज नाही."

"जा, जा," ते हसले. "बापाच्या फाटकात मुलगी चुकलेली मी अजून पाहिली नाही." मागचे दोघं-तिघंही हसले. म्हातारे थर्मासचं झाकण फिरवत बसले.

त्या अख्ख्या काठावर सावळा पंच मी एकटा. वाटलं, थांबा, दाखवतोच तुम्हाला.

ती लाल दांड्यांपाशी प्रवाहाविरुद्ध वळली. हेल्मेट दांडीला घासेल इतक्या जवळून, पण दांडी हललीसुद्धा नाही. इतकं सुरेख वळण तिने त्याआधी कधी घेतलं नव्हतं. मी पाटी उचलली.

म्हातारे दचकले. "नक्की?"

"नक्की."

ती पाटी नसती तर माझी मुलगीच पहिली होती. पाणी निथळत ती माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, डोकं आत होतं."

"तुला कसं कळणार? पंच मी आहे."

तिच्या ट्रेनरने विचारलं, हरकत नोंदवू का? मी म्हटलं, कशाला, मी पाहिलंय ना. संध्याकाळी बिअर पिताना त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "गेनाऊ! अगदी काटेकोर! याला म्हणतात पंच!" पुढच्या मोसमात मला मोठ्या शर्यतींची बोलावणी आली. मी खूश होतो. हेही लिहून टाकतो.

त्यानंतर त्या फ्रेंच मुलीची सगळी कारकीर्द मी माझ्या मुलीला जेवणाच्या टेबलावर वाढली. "तुझी मैत्रीण ज्युनियर संघात गेली हं." "युरोपात दुसरी आली. डोकं फाटकातून नेते ती."

"अहो, जेवू द्या ना तिला," बायको म्हणायची.

"मी कुठे अडवलंय? तिला तिकडे कुणी अडवलं नाही, हिलाही नाही."

मुलगी जर्मनमध्ये एवढंच म्हणायची, "हो, माहितेय." एक दिवस तिने हेल्मेट क्लबात परत दिलं. मी म्हटलं, "झालं? एवढ्यातच?"

खेळ सुटला, पण एक खोड लागली. गणित बरोबर आलं तरी खोडून दुसरं उत्तर लिहायची. गाडी शिकताना सिग्नलला थांबल्यावर विचारायची, "बाबा, थांबले ना मी?" स्वतःच्या डोळ्यांवर तिचा भरवसा उरला नाही. मीही तो परत दिला नाही.

दशक संपता संपता ती फ्रेंच मुलगी जगज्जेती म्हणून आमच्याच कालव्यावर आली. मी पंचाच्या टोपीत होतो. बायकोच्या आग्रहाने मुलगी आली होती. जिंकल्यावर ती फ्रेंच मुलगी पोरांच्या हेल्मेटांवर सह्या करत काठाने आली आणि आमच्यापाशी थबकली.

"तू ना?" ती मोडक्या जर्मनमध्ये माझ्या मुलीला म्हणाली. "ते लाल फाटक. मी होडी खांद्यावर घेऊन पलीकडच्या काठाने वर येत होते. तुझं डोकं आत होतं. मी आमच्या कोचला सांगितलंही, तो म्हणाला गप्प बस. ते पदक मी कधी भिंतीला लावलं नाही."

माझी मुलगी हसली. "नाही गं, चुकलेच होते मी. पंच माझे बाबा होते."

त्या मुलीने माझ्या टोपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं असावं. माझ्या मुलीचा खांदा जरासा दाबून ती पुढे गेली.

तेव्हा मला बोलता आलं असतं. मी म्हणालो, "चल, गाडी लांब लावलीय."

मी मुलीला एक वाक्य देणं लागतो. तुझं डोकं आत होतं, आणि मला ते दिसलं होतं. ते मी अजून दिलेलं नाही.