कासुर्डीचे साहेब

मला रस्त्यावरच्या गमती टिपायचा नाद आहे. आमचे हे त्याला रिकामटेकडेपणा म्हणतात. दौंडहून स्कुटीवर निघायचं, लोकांची डोकी कुठं कुठं चालतात ते बघायचं आणि मोबाइलवर फोटो काढायचा, एवढंच. यवतजवळ एका खड्ड्यात कुणी उसाचं कांडं रोवून त्याला हेल्मेट घातलं होतं. उत्खननात जुनी वस्ती सापडलेल्या इनामगावला एका भिंतीवर तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं रंगवली आहेत, त्यातल्या एकाच्या मनगटावर घड्याळ आहे. शिरूरकडं विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला कुणी लाल रंग देऊन, खिडक्या आणि चाकं काढून, वर 'विनाथांबा' लिहून अख्खी एसटी केली आहे. हा फोटो मी ह्यांना मुद्दाम दाखवला, कारण ह्यांची सगळी नोकरी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. त्यांनी चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाले, "आरसा एकच काढलाय."

तीस वर्षं माईकवरून गाड्या पुकारणारा हा माणूस निवृत्तीनंतर घरात एवढंच बोलायचा. त्याला कारण होतं. निरोपसमारंभासाठी ह्यांनी निळसर करडा कोट शिवला होता. आठ दिवस बसून भाषण लिहिलं होतं, मला वाचूसुद्धा दिलं नव्हतं. पण पाहुण्यांनी माईक सोडला नाही, आणि शेवटी वेळेअभावी सत्कारमूर्तींचं मनोगत वगळून जेवणं वाढली. जन्मभर दुसऱ्यांच्या वेळा सांभाळल्या आणि ह्यांच्या वाट्याला पाच मिनिटं आली नाहीत. मी तिथंच भांडणार होते, पण ह्यांनी डोळ्यानं गप्प केलं. घरी येऊन कोट कपाटात टांगला, तो टांगलाच.

मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत मी तो बोहारणीला देऊन टाकला. घालायचा नाही, द्यायचा नाही, नुसता कपाटात रुसून बसलेला. बदल्यात झाकणासकट स्टीलचं पातेलं मिळालं. ह्यांनी पातेल्याचा तळ टिचकी मारून बघितला आणि "जाड आहे," म्हणून कौतुकही केलं. ते कशाच्या बदल्यात आलं, हे मी सांगितलं नाही.

आणि मग पुतण्याचं लग्न ठरलं. "कोट काढून ठेव," हे म्हणाले.

"ड्रायक्लिनला दिलाय," मी म्हणाले. तोंडातून कसं निघालं देव जाणे.

चार दिवसांनी परत विचारलं, तर म्हटलं लग्नसराई आहे, त्याच्याकडं गर्दी आहे. पुढच्या आठवड्यात म्हटलं, डाग निघत नाहीये म्हणतो. "कसला डाग? एकदाच तर घातलाय," हे म्हणाले. मी दूध बघायला आत गेले. दूध त्याच पातेल्यात तापत होतं. लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि दौंडच्या एकाही दुकानात तसला कोट मिळत नव्हता.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, कासुर्डीच्या अलीकडं मला तो दिसला. ज्वारीच्या रानात, दाणे भरलेल्या कणसांच्या मधोमध, एक बुजगावणं. डोक्याला उपडं मडकं, त्यावर चुन्यानं डोळे, डांबरानं मिशा, तारेचा चष्मा. एक हात कमरेवर, दुसरा उचललेला, जणू गाडी मागं घ्यायला सांगतोय. अंगात चक्क कोट! मी हसून हसून बेजार झाले. रस्त्यावरूनच फोटो काढला, खाली 'कासुर्डीचे साहेब, ड्यूटीवर' असं लिहिलं आणि सवयीनं घरच्या ग्रुपवर टाकून दिला.

घराजवळ स्कुटी लावताना फोटो मोठा करून बघितला. तिसरी गुंडी हिरव्या दोऱ्यानं शिवलेली. समारंभाच्या सकाळी करडा दोरा सापडत नव्हता म्हणून मीच शिवली होती ती. घाईघाईनं फोटो पुसायला गेले, तर दोन निळ्या खुणा आलेल्या.

हे ओट्यावर चष्मा लावून बसले होते. मोबाइल खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "ड्रायक्लिनवाल्याचं शेत आहे वाटतं."

मला इतकी लाज वाटली की मी पातेल्यासकट सगळं कबूल केलं. हे ओरडले नाहीत. उठले, चप्पल घातली आणि म्हणाले, "चल." माझ्या स्कुटीवर मागं बसून हे पहिल्यांदाच कुठं आले.

रानात मालकीणबाई खुरपं घेऊन बांधावर आल्या. मी चाचरत सगळं सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"बाजारात जुन्या कापडाच्या ढिगात गावला. आमी त्यास्नी सायेबच म्हनतो. ते उभं ऱ्हायल्यापास्नं पाखरू न्हाई उतरत. चार दिसांनी काढनी हाय, तवर ऱ्हाऊ द्या की, ताई."

हे काही ऐकत नव्हते. ते सरळ ज्वारीत शिरले, बुजगावण्यासमोर उभे राहिले आणि कोटाच्या आतल्या खिशात हात घातला.

"कागूद हाय आत," बाई लांबून म्हणाल्या. "म्या न्हाई काढला. म्हनलं, सायबाचा कागूद, असंल कामाचा."

घडी केलेले दोन कागद निघाले. तेव्हा मला कळलं की लग्नासाठी कोट हवा होता हे खरं, पण त्याहून जास्त काय हवं होतं. ह्यांनी घसा साफ केला, बुजगावण्याकडं बघितलं आणि थेट फलाटावरच्या आवाजात सुरुवात केली. "सन्माननीय व्यासपीठ आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो..."

पलीकडच्या लिंबावरची पाखरं सगळी उडाली. बाई खुरपं खाली ठेवून बांधावर बसल्या. मीही बसले. भाषण चांगलं होतं. "माझ्या नोकरीत गाड्यांना उशीर झाला, पण माझ्यामुळे झाला नाही," असं एक वाक्य होतं. "आन् खरं हाय ते," बाई म्हणाल्या, जशा काही तीस वर्षं फलाटावर उभ्याच होत्या. ह्यांनी मान तुकवून त्यांचे आभार मानले आणि दुसरा कागद वर घेतला. त्याच्या शेवटच्या चार ओळी दवानं ओल्या होऊन शाई पसरली होती. ह्यांनी कागद उन्हात धरला, उलटा केला, मग घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला.

आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, आता कोट घ्या, तर हे म्हणाले, "ड्यूटीवरच्या माणसाचा कोट काढत नसतात." उलट साहेबांची सुटलेली वरची गुंडी लावून दिली. लग्नाला हे स्वेटर घालून गेले.

त्या दिवशी रानातून परतताना मात्र मला राहवलं नाही. यवतच्या अलीकडं स्कुटी कडेला घेतली आणि विचारलं, "अहो, त्या शेवटच्या चार ओळींत काय होतं?"

"आभार होते."

"कुणाचे?"

ह्यांनी शर्टाच्या खिशावरून हात फिरवला. मग म्हणाले, "ते तू ड्रायक्लिनवाल्याला विचार."