टिटवीचं घर

मी गेवराईच्या एका शाळेत परिसर अभ्यास शिकवतो. पक्ष्यांची घरटी हा धडा म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझी कीव येणार नाही.

गेल्या मे महिन्यात आम्ही पाच-सहा शिक्षक गाडी करून कोकणात गेलो. समुद्रात घुसलेलं एक उंच टोक, वर जुनं दीपगृह, पडका बुरुज, कातळावर कोरलेली चित्रं. आता ते सगळं टोक पक्ष्यांसाठी राखीव आहे. गाडीत एक जागा रिकामी होती म्हणून आबांना, माझ्या वडिलांना, बरोबर घेतलं. उमापूरच्या शिवारात जन्मभर मेंढरं राखली, पण समुद्र कधी पाहिला नव्हता. वडिलांना समुद्र दाखवणारा लेक म्हणून मिरवायची हौसही मला होतीच, खोटं कशाला बोलू.

पण मांजरसुंब्याच्या ढाब्यावर धोतर सावरत, काठी टेकत आबा उतरले आणि सहकाऱ्यांसमोर मलाच कसंतरी झालं. त्या टोकावर पोचताच मी म्हणालो, "आबा, काठी गाडीतच ठेवा. हितं काय मेंढरं न्हाईत."

"बरं," म्हणाले. रिकामा हात कुठं ठेवावा हे त्यांना दिवसभर कळलं नाही.

समुद्र त्यांनी डावीकडून उजवीकडे नीट न्याहाळला. मग म्हणाले, "एवढं पाणी, अन् मेंढराला पाजाया थेंब न्हाई." सगळे हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा, सगळे कौतुकानंच हसताहेत याची खात्री झाल्यावर.

पायवाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्याचे पट्टे होते आणि जागोजागी फलक: वाट सोडू नका. दीपगृह आणि समुद्र एका फोटोत यावेत म्हणून मी पट्टा ओलांडून कातळावर गेलो. डोक्यावर एक टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली.

"हुर्रऽऽ! थांब!" आबा मागून ओरडले. कळप वळवतानाची ती हाक. "टिटवीचं घर हाय तितं! पाय उचलू नकोस!"

सगळे वळून बघू लागले. माझे कान तापले. "कावून वरडता हो? गप बसा की जरा!" मी खेकसलो आणि मुद्दाम दोन पावलं पुढं टाकली.

पायाखाली काहीतरी फुटलं. कातळासारख्याच रंगाची, ठिपक्यांची चार अंडी होती. तीन गेली.

आवाज ऐकून वनरक्षक धावत आला. तोवर आबाही कातळावर येऊन माझ्याजवळ उभे होते. "कुणी तुडवली?" त्यानं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आबा बोलले, "मी, सायेब. म्हातारा मानूस, दिसलं न्हाई."

"एवढे फलक लावलेत. वाचता येत नाही का?"

"न्हाई येत, सायेब."

रानात टिटवीचं घर दिसलं की आबा तिथं काटकी रोवतात आणि अख्खा कळप वळसा घालून नेतात. आमच्याकडच्या धनगरांत ही रीतच आहे. साठ वर्षांत त्यांच्या एका मेंढराचा खूर अंड्यावर पडला नाही. तो माणूस मान खाली घालून बोलणी खात होता, आणि मी मोबाइल खिशात घालत होतो.

परतीच्या वाटेवर आबांनी विषय काढला नाही. वाटलं, संपलं. पण सहकाऱ्यांपैकी कुणीतरी गावात बोललंच, तेही आबांनी कबूल केलं तेवढंच. परवा पारावर एक म्हातारा मेंढपाळ आबांना म्हणाला, "काय गड्या, टिटवीची अंडी तुडवली म्हनं तू? डोळं गेलं का तुजं?" बाकीचे खो-खो हसले.

आबा नुसते हसले. "गेलं बाबा डोळं," म्हणाले.

मी शेजारीच बसलो होतो. चहा पीत राहिलो.

आज हे सगळं लिहून काढलं. गाव टाळलं नाही, दोष टाळला नाही, अगदी धीटपणे लिहिलं. एवढा धीर कुठून आला, तेही मला ठाऊक आहे. आबांना वाचता येत नाही.