लेकीने म्हातारीला परत का पाठवलं?

‘राजाने नावडतीला काय शिक्षा दिली?’ या प्रश्नाखाली सातवीतल्या बहुतेक मुलांनी एकच उत्तर लिहिलं होतं: राजाने नावडतीला शाळेत घातलं. एकीने पुढे जोडलं होतं, ‘राजा चांगला होता.’

स्टाफरूममध्ये पेपर तपासताना मला हसू आवरेना. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. गोष्टीतल्या राजाने त्या बिचाऱ्या राणीला गोठ्यात राहायला पाठवलं होतं. हा विनोद कळायला दोन्ही भाषा याव्या लागतात, आणि स्टाफरूममध्ये दोन्ही येणारी मी एकटीच. पुण्याला लेकीला, सायलीला, फोन लावला.

“आई, मीटिंगमध्ये आहे, मेसेज कर ना.”

मेसेज केला, नीट समजावून. उत्तरादाखल एक हसरा चेहरा आला. तोवर माझं हसू संपलं होतं.

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या एका जुन्या शाळेत मी मराठी शिकवते. कधीकाळी इथल्या मराठी घरांनीच ती काढली. आता मराठी हा ऑप्शनल विषय. मुलांची आडनावं जाधव, शिंदे, करकरे. घरातलं बोलणं हिंदी. लिपी एकच असल्यामुळे मराठी धडा मात्र घडाघडा वाचतात. ऐकणाऱ्याला वाटावं, काय छान मराठी येतं!

प्रिन्सिपल सक्सेना सरांनी मार्कांचा तक्ता पुढे सरकवला. “मैडम, बच्चे पढ़ तो फर्राटे से रहे हैं. फिर ये नंबर?”

“सर, पढ़ नहीं रहे. सिर्फ बोल रहे हैं.”

“फायनल का पेपर बाहर से चेक करवाएंगे. यही हाल रहा तो अगले सेशन से मराठी बंद. कंप्यूटर वालों को पीरियड चाहिए.”

अक्षरं ओळखून तोंडाने आवाज काढणं, याला आमच्यात डिकोडिंग म्हणतात. वाचलेलं कळणं म्हणजे कॉम्प्रिहेन्शन. माझ्या वर्गाला पहिलं येत होतं, दुसऱ्याचा पत्ता नव्हता. आणि पहिलं येतं म्हणून दुसऱ्याकडे कोणी बघितलंच नव्हतं.

मी पुस्तक बंद केलं. गोष्टी लोककथांच्याच ठेवल्या, पण आधी कानाने. गोष्ट सांगायची, ऐन वळणावर थांबायचं आणि विचारायचं, आता काय होईल? उत्तर हिंदीत दिलं तरी चालेल. मग तीच गोष्ट छापील द्यायची, आणि कुठल्या शब्दावरून काय कळलं, ते बोट ठेवून दाखवायचं. शेवटची पायरी इन्फरन्सची. म्हणजे ओळीत लिहिलेलं नाही, पण ओळींवरून ओळखता येतं, ते.

सुरुवातीला वर्ग नुसता माझ्याकडे बघत बसायचा. मी थांबले की तेही थांबायचे. दिवसभरात मी मराठी बोलायची ती त्या एका तासाला, आणि समोरून एक शब्द येत नसे. दाना ओली मोहल्ल्यातल्या घरी गेल्यावर तर बोलायला कोणीच नाही.

मग एक दिवस म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घेतली. म्हातारी लेकीकडे निघते. वाटेत वाघ अडवतो. ती म्हणते, लेकीकडे जाऊ दे, तूपरोटी खाऊ दे, जाडजूड होऊ दे, मग मला खा. लेक तिला खाऊपिऊ घालते आणि परत पाठवताना वाघाला दिसू नये म्हणून भोपळ्यात बसवून देते.

इथे मी थांबले. मागच्या बाकावरून हात वर आला. रिद्धी जाधव. मोठ्याने वाचण्यात वर्गात पहिली, पेपरात शेवटची. माझ्या तासाला आपणहून कधी बोलली नव्हती.

“मॅम, लेकीने तिला परत का पाठवलं?”

“म्हणजे?”

“रस्त्यात वाघ आहे, ये तो उसको पता था. फिर रख लेती ना अपने पास. भोपळा कशाला?”

वर्ग एकदम जागा झाला.

“दामाद ने मना किया होगा.”

“घर छोटं असेल, मॅम.”

“नाही, म्हातारीच म्हणाली असेल, मी जाते!”

मुलं पहिल्यांदाच एका मराठी गोष्टीवरून भांडत होती. शिक्षक म्हणून मला याहून जास्त काय हवं होतं? पण मी खडू हातात धरून नुसती उभी राहिले.

नवरा गेल्यावर मी पुण्याला सायलीकडे राहिले होते. तिने काही कमी पडू दिलं नाही. गरम पोळी, वेळेवर औषधं, संध्याकाळी बागेत फेरी. मग एक दिवस तिने परतीचं तिकीट काढून आणलं. एसी, लोअर बर्थ. स्टेशनवर स्वतः डब्यात चढून सामान सीटखाली लावून दिलं, शेजारच्या बाईंना ‘आईकडे लक्ष ठेवा’ म्हणून सांगितलं. मी ग्वाल्हेरला आले आणि कुलूप उघडलं.

“मॅम, बताओ ना.”

“गोष्टीत लिहिलेलं नाही,” मी म्हटलं.

“तो किसी ने पूछा नहीं?”

तेवढ्यात घंटा झाली.

फायनलला चिमणी-कावळ्याची गोष्ट आली. पावसात घर वाहून गेलेला कावळा दार वाजवतो आणि चिमणी म्हणत राहते, थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, बाळाला झोपवते. प्रश्न होता, चिमणीने दार लगेच का उघडलं नाही? रिद्धीने लिहिलं, ‘तिला उघडायचं नव्हतं. ती बहाणे करत होती.’

तपासणारे इंदूरचे एक रिटायर्ड मराठी शिक्षक होते. त्यांनी शून्य दिलं. मी फोन केला.

“सर, ते इन्फरन्स आहे.”

“उताऱ्यात ती ओळ आहे का, बाई?”

“ओळींच्या मधे आहे.”

“मग मार्कही मधलाच घ्या. अर्धा.”

वर्ग पास झाला. सक्सेना सर म्हणाले, “ठीक है मैडम, एक साल और,” आणि टाइमटेबलकडे वळले. स्टाफरूममध्ये कोणाला सांगावं असं कोणी नव्हतं. घरी येऊन चहा ठेवला आणि सायलीला फोन लावला.

“वा, आई! अभिनंदन!”

त्यानंतर बोलण्यासारखं काही उरलं नाही. एरवी मी फोन ठेवला असता.

“सायली, बाबा गेल्यावर मी आले होते, तेव्हा तू मला थांब का नाही म्हणालीस?”

“तू थांबली असतीस?”

“माहीत नाही.”

“मला वाटलं, तुझी शाळा, तुझं घर तिकडे. मी थांब म्हटलं असतं तर तुला नाही म्हणताना जड गेलं असतं.”

“आणि मला वाटलं, मी जावं असं तुला वाटतंय.”

“कशावरून?”

“तिकीट बघून.”

ती रडत होती की हसत होती, ते मला फोनवर कळलं नाही. मी विचारलंही नाही. ती सवय एका दिवसात जात नाही.

दिवाळीला सायली चार दिवस येऊन गेली. खूप बोललो. मी अजून इथेच राहते. रिद्धीने पुढच्या वर्षी मराठीऐवजी कंप्यूटर घेतलं, वडिलांच्या सांगण्यावरून. नव्या वर्गात आधीपेक्षाही कमी मुलं आहेत. त्यांनाही मी न लिहिलेलं ओळखायला शिकवते, कारण पेपरात त्याला मार्क मिळतात, निदान अर्धे. आपल्या माणसांच्या बाबतीत मात्र ओळखत बसू नये. विचारून टाकावं.