पांढरीपांडे वकिलांच्या गाडीचा एअर फिल्टर

नीळकंठ पांढरीपांडे यांनी उभी हयात यवतमाळच्या कोर्टात दिवाणी दावे चालवले. साक्षीदार काय म्हणाला ते शेजारी बसलेल्या ज्युनिअरला विचारावं लागू लागलं, तेव्हा त्यांनी काळा कोट इस्त्री करून कपाटात टांगला आणि परत काढला नाही. उजवा कान पुरता गेला होता. डाव्यातून बारीक आवाज एकेक करून निघून जात होते. आधी पक्षी गेले, मग कुकरची शिट्टी, मग बायकांचे आवाज, त्यात त्यांच्या पत्नीचाही. जाड आवाज तेवढे उरले. कानाला यंत्र लावून पाहिलं, पण ते पंखा आणि माणूस दोन्ही सारखेच मोठे करी. घरात लावत, बाहेर काढून ठेवत.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांनी नागपूरच्या एका डॉक्टरांची जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली. लाल, बुटकी, दोनच माणसांची, कापडी छत मागे दुमडणारी. कॉलेजात असल्यापासून अशी गाडी हवी होती, असं ते म्हणाले. कॉलेजात असताना हे त्यांनी कुणाला सांगितल्याचं कुणाला आठवत नाही. पुण्याहून साकेतचा, मुलाचा, फोन आला : बाबांना हॉर्न ऐकू येत नाही, गाडी विकून टाका. फोन रत्नप्रभाबाईंनी, वकिलांच्या पत्नीनं, घेतला होता. त्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी विकायला सांगितलं नाही, अट घातली. चावी त्यांच्याकडे राहील. गाडी निघेल तेव्हा त्या डावीकडे बसतील. मागून हॉर्न वाजला की वकिलांच्या डाव्या हातावर थाप मारतील. एक थाप म्हणजे उजवीकडून कुणी येतंय, दोन म्हणजे डावीकडून. आपल्याकडच्या रस्त्यावर आरसा नंतर येतो, हॉर्न आधी. वकिलांनी अट मान्य केली. ज्या दिवशी हे जमणार नाही त्या दिवशी गाडी विकायची, हेही त्यांनी कबूल केलं.

म्हणजे गाडी दोघं मिळून चालवत. एक गोष्ट मात्र वकिलांना खुपत राहिली. इंजिनाचा आवाजच येत नव्हता. गिअर कधी बदलायचा ते मीटरच्या काट्याकडे बघून ठरवावं लागे. आपली गाडी चालू आहे की नाही, हे माणसानं डोळ्यांनी तपासायचं. बंद दाराआड कुणीतरी आपलं आयुष्य जगतंय, तसं ते होतं.

इंजिन हवा ओढतं तेव्हा घुमतं आणि तो घुमारा फिल्टरची पेटी गिळते, हे त्यांनी वाचून काढलं. मग तीन फिल्टर मागवले आणि आर्णी रोडला कपिलच्या गॅरेजमध्ये गेले. कपिल एरवी जीप-बोलेरोचं काम करी. पहिला फिल्टर साधा, कागदाच्या घड्यांचा, मूळ पेटीत बसणारा. दुसराही पेटीतच बसणारा, पण तेल लावलेल्या सुती जाळीचा. तिसरा त्याच सुती जाळीचा, पण शंकूसारखा. त्याला पेटी नाही, बॉनेटखाली उघडाच राहतो.

वकील डावा कान बॉनेटवर धरून उभे राहिले. कपिलनं एकेक बसवून अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

"आला का आवाज?"

"नाही."

दुसरा बसवला. "आता?"

"शेजारच्या घरी कुणी बोलून राह्यलं, असं वाटते."

तिसरा बसवला. कपिलनं डोकं बाहेर काढून पाहिलं. वकिलांनी नुसती बोटानं खूण केली, परत दाब.

"साहेब, मजा येते, पण हा उघडा आहे," कपिल म्हणाला. "आपल्याकडची धूळ, त्यात हा कापसाचा सिझन. सारं इंजिनात जाईन. कायले जिवाले घोर लावून घेता?"

"इंजिन माझ्यापेक्षा जास्त टिकून काय करणार आहे?"

"असं नका बोलू. काकू मलेच धरतीन."

तिसराच बसला.

पुढचा महिना चांगला गेला. आठवड्यातून दोनदा-तीनदा ते कळंबच्या रस्त्यानं जात, तिथल्या चिंतामणी गणपतीचं दर्शन घेत, परत येत. चढावर गाडी आतून घुमू लागली की वकिलांची मान आपोआप हलायची. काट्याकडे बघणं त्यांनी सोडून दिलं. रत्नप्रभाबाई अंग वळवून, मागे तोंड करून बसायच्या. रस्त्याकडेला बाभळींच्या काट्यांत गाड्यांवरून उडालेला कापूस अडकलेला असे. तो बघत असतील, किंवा रागावल्या असतील, असं वकिलांना वाटलं. त्यांनी विचारलं नाही. रात्री त्या मानेला बाम चोळत, ते थंडीमुळे असेल म्हणून वकिलांनी सोडून दिलं. हातावर थाप पडेनाशी झाली. त्याचा अर्थ वकिलांनी असा काढला की आपण आता नीट चालवतो.

मग गाडी ओढेना. बॉनेट उघडलं तर फिल्टरवर पांढरी दुलई. जिनिंग कारखान्यांच्या आसपासचा सगळा उडता कापूस त्या तेलकट जाळीनं धरून ठेवला होता. वकिलांनी तो बोटांनी सोडवला, फिल्टर धुतला, सावलीत वाळवला. आता परत तेल लावायचं होतं. त्याचं खास तेल मिळतं, पण ते यायला वेळ होता आणि चतुर्थी जवळ आली होती. वकिलांनी विचार केला : कापूस आपला, तेल दुसऱ्याचं कशाला? त्यांनी फडताळातून जवसाच्या तेलाची बाटली काढली. कपिलला फोन केला, तर तोही म्हणाला, "तेल ते तेल, साहेब. पातळ लावजा फक्त." वकिलांनी ब्रशनं घडीघडीत तेल भरलं आणि फिल्टर गच्चीवर उन्हात ठेवला. मुरावं म्हणून तीन दिवस ठेवला.

बसवला तेव्हा गाडी सुरू झाली, दोनदा खोकली आणि बंद पडली. फिल्टर काढला तर घड्या एकमेकींना चिकटून कडक झालेल्या. बोटानं टिचकी मारली की वाजत होता.

रत्नप्रभाबाईंनी तो हातात घेतला, वास घेतला आणि मटकन पायरीवर बसून हसायला लागल्या.

"अहो, जवसाचं तेल वाळतं! बाटलीच्या तोंडाला कधी पाहिलं नाही का, कसं खरवडून काढावं लागतं ते? इतकी वर्षं खाल्लंत ते तेल."

"खाल्लं. बाटली कोण बघते?"

कपिलनं डोक्याला हात लावला. "मायबाप! वार्निश केलं तुम्ही. अन् मीच हो म्हटलं." नवा शंकू मागवला. तो येईपर्यंत जुनी पेटी आणि कागदाचा फिल्टर बसवून दिला.

त्या मुक्या गाडीनं दोघं चतुर्थीला कळंबला निघाले. गाव सुटायच्या आत वकिलांच्या हातावर थाप पडली. मोटरसायकल उजवीकडून पुढे गेली. मग दोन थापा, डावीकडून ऑटो. मग एक. मग परत दोन. मध्येच रस्त्याकडेला त्यांनी गाडी उभी केली आणि पत्नीच्या ओठांकडे बघत विचारलं,

"आज इतकी वाहतूक काहून आहे?"

"रोजचीच आहे."

"मग महिनाभर तू थाप मारली नाहीस ती?"

रत्नप्रभाबाईंनी पदर सारखा केला. मग मोठ्यानं, शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "त्या उघड्या नळकांड्याच्या आवाजापुढे मलाही काही ऐकू येत नव्हतं. म्हणून मागे वळून पाहत होते. दिसेपर्यंत वाहन बाजूनं निघून गेलेलं असायचं."

"सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर फिल्टर काढून टाकला असता तुम्ही."

वकिलांनी स्टिअरिंगवर हात ठेवले. महिनाभराचा रस्ता त्यांना परत आठवत होता, आणि त्यात आता सगळीकडे माणसं होती.

नवा शंकू आला तेव्हा दोघंही गॅरेजमध्ये गेले. कपिलनं खोकं फोडलं.

"बसवू?"

"बसवा," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"नको," वकील म्हणाले.

कपिलनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "तुमचं ठरू द्या. मी चा सांगतो."

"माझ्या बाजूला मोठा आरसा लावू," रत्नप्रभाबाईंनी हातवारे करून सांगितलं. "मी त्यात बघत जाईन. यांचा आवाज राहू दे."

"अन् तुझ्या कानाचं काय? एका गाडीत दोन बहिरे बसले तर चिंतामणीच्याही हाताबाहेर जाईल ते."

"मला चालतं."

"मला नाही चालत. न जमलं तर विकायचं, हे कबूल केलं होतं. महिनाभर जमतच नव्हतं. तू लपवलंस म्हणून गाडी राहिली आहे." त्यांनी शंकू परत खोक्यात ठेवला. "कपिल, कागदाचाच राहू दे. पेटीचे स्क्रू घट्ट कर."

"अन् आवाज, साहेब?"

"ऐकला मी."

कपिलनं स्क्रू पिळले. चहा येऊन निवला होता, तरी तिघांनी घेतला.

परतताना त्यांनी उगाच कळंबच्या रस्त्याला वळसा घेतला. वकील काट्याकडे बघून गिअर बदलत होते. रत्नप्रभाबाई इतक्या दिवसांनी सरळ, समोर तोंड करून, पाठ टेकून बसल्या होत्या. एके ठिकाणी त्यांनी बोट दाखवून काहीतरी विचारलं. वकिलांना ऐकू गेलं नाही. मग बाईंनी आवाज चढवला.

"हा पेट्रोल पंप कधी झाला?"

"दिवाळीपासून आहे. आपण किती वेळा गेलो याच्यासमोरून."

"मी पाहिलाच नव्हता," त्या म्हणाल्या आणि तो मागे जाईपर्यंत बघत राहिल्या.