मीटिंगला कोपरा हवा

डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट काढला की कपाळावर त्याच्या पट्ट्याचा लाल वळ उरतो. तो वळ मिरवत मी देऊळगाव राजाच्या बाजारात भाजी आणायला जाते. कुणी विचारलं तर सांगते, नोकरीचा शिक्का आहे.

सासूबाईंना ते यंत्र पहिल्या दिवसापासून पसंत नव्हतं. "घाण्याच्या बैलाले झापड बांधतेत, तशी दिसून राह्यली तू," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, बैल घाण्याभोवती फिरतो. मी पुण्याला जाऊन येते." त्यावर लगेच उत्तर, "मंग येतानी भाकरवडी आण." त्यांच्यासमोर शेवटचा शब्द आजवर कुणाला मिळालेला नाही. मलाही नाही, आणि मी काही गप्प बसणाऱ्यांतली नव्हे.

आमची कंपनी पुण्याची. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. ते दवाखान्यात पोचण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे आमच्या टीमचं काम. टीममधले सगळे आपापल्या गावी बसून काम करतात. कुणी अकोल्याला, कुणी जालन्याला, मी इथं. सगळं सुरळीत चाललं होतं आणि टीमच्या प्रमुख म्हणून नव्या मॅडम आल्या. त्यांचं म्हणणं असं की घरून काम करणारी माणसं मीटिंगमध्ये भिंतीवरच्या फोटोंसारखी बसतात, खरं कुणीच बोलत नाही, तेव्हा सगळ्यांनी पुण्यात यावं. मी तावातावानं भांडले. शेवटी त्या म्हणाल्या, "ठीक आहे. कंपनीनं हेडसेट घेतलेच आहेत. त्यावर मीटिंगची जी अ‍ॅप्स आहेत, ती तपासून एक निवडा. त्यात मी खरी मीटिंग घेईन. समोरासमोर बसल्यासारखं काम झालं, तर राहा घरी. नाही तर सामान बांधा." आणि निवडायचं काम माझ्याच गळ्यात घातलं.

सामान बांधणं सोपं नव्हतं. नवरा इथल्या कॉलेजात शिकवतो, मुलीची शाळा इथली. शिवाय मला हे गाव आवडतं, त्याचं आणखी काही कारण द्यायची मला गरज वाटत नाही. पण कामही तितकंच आवडतं, आणि त्यात मी चांगली आहे, हे मी लाजत नाही सांगायला. दोहोंतलं एक सुटणार होतं. सासूबाईंना सांगितलं तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "जायचं असल तं जा. माह्यी काळजी नोको करू."

मग मी तपासणीला बसले. पहिलं अ‍ॅप श्रीमंती थाटाचं. सागवानी टेबल, काचेबाहेर बर्फाचे डोंगर, आणि टेबलाभोवती आपल्या जागी बसलेले आपले पुतळे, कमरेपर्यंतच. पाय कुणालाच नाहीत. मला दिलेला पुतळा इतका गोरापान, की माझी मुलगी म्हणाली, "ही कोण?" दुसऱ्यात पुतळ्यांची भानगड नाही. आपल्याच खोलीत सहकाऱ्यांचे चेहरे चौकटी होऊन टांगलेले, आणि फाइलमधली अक्षरं तर इतकी स्वच्छ की चष्मा नको. पण हेडसेटखाली डोळे झाकलेले, त्यामुळे आपला चेहरा ते स्वतःच जुळवून दाखवतं, आणि तो लग्नातल्या मेकअपवालीच्या हाताखालून आल्यासारखा दिसतो. तिसरं अगदीच गरीब. पुतळ्यांचे चेहरे लहान मुलानं काढल्यासारखे, हात हलवला तर एखादं बोट गायब. एवढंच, की हेडसेटमधून आपलीच खोली दिसायची, पुतळे तीत उभे असल्यासारखे वाटायचे, आणि जवळच्याचा आवाज जवळून, लांबच्याचा लांबून यायचा.

मी मुद्दे काढले. चित्र, आवाज, फाइल दाखवणं, बॅटरी किती टिकते, मान किती दुखते. गुणांची बेरीज केली तर श्रीमंत अ‍ॅप पहिलं आलं. पण त्यात आमची टीम जमली की सगळे कोर्टात उभे राहिल्यासारखे. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मॅडम ज्याला नावं ठेवत होत्या तेच इथं डोंगर लावून चाललं होतं. अ‍ॅप कशात कमी पडतंय ते मात्र मला सांगता येत नव्हतं.

त्याच दिवसांत आमच्याकडे एक बैठक झाली. मुलगी आमच्या गल्लीतली, मुलगा दुसरबीडचा. सोयरीक पक्की, पण लग्न कुठं लावायचं यावर गाडं अडलं होतं. मुलाची आत्या हटून बसली होती, लग्न दुसरबीडलाच. कारण विचारलं की तोंड फिरवायची. दोन्हीकडचे पाव्हणे आवाज चढवायला लागले. अशा वेळी माणसं आमच्या सासूबाईंकडे बघतात. त्या उठल्या, आत्याच्या दंडाला धरून म्हणाल्या, "इकडं ये वं जराशी," आणि तिला स्वयंपाकघरात घेऊन आल्या. मी तिथं चहा गाळत होते. सासूबाईंनी काहीच विचारलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. आत्याच बोलली. मुलाच्या आजीला आता लघवी आवरत नाही, गाडीतून एवढा प्रवास करून पाव्हण्यांत तिची शोभा होईल, आणि तिला मागं ठेवून लग्न लावायला आत्याचं मन घेत नव्हतं. चारचौघांत हे कोणत्या तोंडानं सांगणार?

दोघी बाहेर गेल्या. सासूबाईंनी जाहीर केलं, "लग्न दुसरबीडलेच करू. उन्हाचे दिवस हायेत, त्यायच्या आवारात निंबाची सावली हाय." खरं कारण कुणाला कळलं नाही, आणि पाच मिनिटांपूर्वी भांडणारे सगळे सावलीवर राजी झाले. कपबशा हातात घेऊन मी तिथंच उभी राहिले. आमच्याकडे बैठक सगळ्यांसमोर भरते, पण सुटते ती बाजूला. माझ्या सगळ्या मुद्द्यांत हा मुद्दाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी टीमला जमवून, अकोल्याच्या सहकाऱ्याला बरोबर घेऊन मी तिन्ही अ‍ॅप्स पुन्हा तपासली. श्रीमंत अ‍ॅपमध्ये कोपऱ्यात जाऊन कुजबुजलो, तरी टेबलाभोवती बसलेल्यांना शब्दन् शब्द ऐकू गेला. दुसऱ्यात चौकटीच टांगलेल्या, चौकट कुठं बाजूला घेणार? तिसऱ्या गरीब अ‍ॅपमध्ये चार पावलं बाजूला गेलो, आणि बाकीच्यांना आमचे फक्त पुतळे दिसत राहिले, आवाज गेला. तिथं उभ्या उभ्याच अकोल्याच्या सहकाऱ्यानं मला सांगितलं, की नव्या सॉफ्टवेअरमध्ये औषधाचा डोस कधीकधी चुकीचा दिसतो, आणि आधीच्या तपासणीत ती चूक त्याच्याच हातून निसटली होती. एवढ्या दिवसांत कुठल्याच मीटिंगमध्ये तो हे बोलला नव्हता.

मी तिसरं अ‍ॅप निवडलं. टीमनं डोक्याला हात लावला. "हा तर पोरांचा खेळ वाटतो, मॅडम हसतील." हसू देत, म्हटलं.

आणि मीटिंगच्या दिवशी मॅडम हसल्याच. स्वतःच्या पुतळ्याचे हात वरखाली करून बघितले, म्हणाल्या, "हे निवडलंत?" मग सरळ कामावर आल्या. नवं सॉफ्टवेअर ठरलेल्या तारखेला जायला हवं. अकोल्याचा सहकारी म्हणाला, "जमणार नाही." मॅडमनी विचारलं, "का?" त्याच्या पुतळ्यानं मान खाली घातली. त्यांनी आवाज चढवला. आता पुण्याची गाडी धरावी लागते, असं मला स्पष्ट दिसत होतं.

"मॅडम, जरा बाजूला येता का?" मी म्हटलं. माझा हात आपोआप त्यांच्या दंडाकडे गेला आणि आरपार निघाला. माझ्या खोलीच्या कोपऱ्यात धान्याच्या कोठीजवळ सासूबाई आणि शेजारीण डाळ पाखडत बसल्या होत्या. मी त्यांना वळसा घालून उभी राहिले. मॅडमना आमचं घर दिसत नव्हतं. त्या आल्या आणि थेट सासूबाईंच्या सुपात उभ्या राहिल्या.

हसू दाबून मी हळू विचारलं, "तारखेचं नक्की काय आहे?" आणि गप्प राहिले. गप्प राहणं मला किती जड जातं, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

मॅडम मागं वळून टीमकडे बघत म्हणाल्या, "इथलं त्यांना ऐकू जात नाही ना?"

"नाही."

"तारीख मी देऊन बसले आहे. तुम्हाला कुणालाच न विचारता. आता मागं घेतली तर क्लायंटपुढे माझी काय किंमत राहील? आणि हे या सगळ्यांसमोर कसं सांगू?"

मी औषधाच्या डोसचं सांगितलं. चूक कुणाच्या हातून निसटली ते सांगितलं नाही. "तारीख पाळली, तर एखाद्या नर्सला चुकीचा डोस दिसेल, मॅडम." त्यांचे दोन्ही हात खाली आले. "मागते मुदत," त्या म्हणाल्या.

परत सगळ्यांत येऊन मी म्हटलं, "औषधांचा भाग पुन्हा नीट तपासू. तेवढी मुदत मॅडम क्लायंटकडून मागून घेणार आहेत." अकोल्याच्या बाजूनं एक सुस्कारा मला साफ ऐकू आला. निघताना मॅडम म्हणाल्या, "चित्रं भयंकर आहेत. पण हेच ठेवा. आणि राहा आपापल्या घरी."

हेडसेट काढला तर शेजारीण माझ्याकडे आ वासून बघत होती. "कोणाले सांगून राह्यली होती वं?" तिला उत्तर न देता मी सासूबाईंना स्वयंपाकघरात बोलावलं आणि सांगितलं, की जायचं रद्द झालं. मग राहवेना म्हणून विचारलं, "मी गेले असते, तर तुम्ही आला असता?"

"मी काही आली नसती," त्या म्हणाल्या. "अन् तुले थांब असंबी म्हटलं नसतं. माह्यासाठी थांबली असती, तं जलमभर मले टोचलं असतं."

मला रडू आलं. मी भांडखोर बाई, मला रडताना पाहून त्याच बावरल्या. पाठीवर एकदा हात ठेवला आणि बाहेर गेल्या.

"आमची सून कुठीच जाऊन नाही राह्यली!" त्यांचा आवाज आला. "पुण्याची मॅडम ऐकते तिचं!" सगळ्या गावाच्या मनातलं कोपऱ्यात ऐकून पोटात ठेवणारी ती बाई हे मात्र पार रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात सांगत होती.