मे महिन्यात मोजलेला ओढा

माझ्या एका अहवालातलं एक वाक्य खोटं होतं, हे आता ऐंशीव्या वर्षी लिहून टाकतो.

वीसेक वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या डोंगरात स्की रिसॉर्ट व्हायचं होतं. त्याच्या पाण्या-विजेचा आराखडा माझ्याकडे होता; पाणी गावाजवळच्या ओढ्यातून घ्यायचं होतं. गावातल्या प्रत्येक सभेसाठी मी बर्मिंगहॅमहून जायचो, आणि प्रत्येक सभेत एक मेंढपाळ बाई पहिल्या रांगेत असायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. ओले हातमोजे हीटरवर वाळत घालून त्या माझं बोलणं संपायच्या आत हात वर करायच्या.

“मिस्टर इंजिनिअर, ओढा कधी मोजलात?”

“मे महिन्यात. कितीदा सांगू?”

“मग तुमचे पाहुणे बर्फावर घसरायला मे महिन्यात येणार का?”

हॉल हसायचा. मला चीड यायची, कारण बाईंचं खरं होतं. मे महिन्यात बर्फ वितळून ओढा फुगतो. फेब्रुवारीत गोठून करंगळीएवढा उरतो. बाईंच्या घरचा नळही त्याच ओढ्यावर होता. पण हिवाळ्यापर्यंत थांबलो असतो तर कर्ज देणारी बँक मागे हटली असती. ‘पाणी बारमाही पुरेसं आहे’ असं लिहून मी सही केली.

रिसॉर्टच्या पहिल्याच फेब्रुवारीत तक्रार आली, म्हणून बाईंच्या घरी गेलो. नळ कोरडा होता. बाईंनी अंगणातला बर्फ किटलीत भरला, स्टोव्हवर ठेवला आणि मला खुर्ची दिली.

“बसा. चहाला वेळ लागेल,” त्या म्हणाल्या. “आता तरी थांबाल ना?”